वाइनच्या लेबलावरील नावे

वाइन निवडायला शिकणाऱ्या नवख्या ग्राहकाला चवीच्याही आधी लेबल अडवते, कारण एका बाटलीवर केवळ गावाचे नाव असते, दुसरीवर द्राक्षाच्या जातीचे, आणि या दोन्ही प्रथांमागे वेगवेगळा इतिहास आहे.

गावाच्या नावाची प्रथा मुख्यतः फ्रान्सची. पॅरिसच्या १८५५ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तेथील रेड वाइनच्या नामवंत मळ्यांची पाच श्रेणींत प्रतवारी लावली, आणि तिला आधार घेतला तो बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावाचा. किमतीवरून ठरलेली ही प्रतवारी आजही लेबलांवर मिरवते, हे ग्राहकाने अवश्य ध्यानात ठेवावे.

गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते मात्र एका मोठ्या आपत्तीनंतर. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याचा उपाय रुजेपर्यंत वाइनची टंचाई पडली, आणि मनुके भिजवून किंवा साखर-पाणी मिसळून केलेला माल बाजारात आला. वेली सावरल्या तरी भेसळ थांबली नाही, १९०५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला तरी असंतोष शमला नाही. १९०७ मध्ये लांगदोकचे शेतकरी रस्त्यावर उतरले, तर १९११ मध्ये बाहेरची द्राक्षे वापरणाऱ्या व्यापाऱ्यांची तळघरे शाँपेनच्या शेतकऱ्यांनी फोडली. या संघर्षातूनच १९३५ साली ‘नियंत्रित मूळनावा’ची पद्धत आली. एखाद्या गावाचे नाव लावायचे तर मळा कोठे असावा, द्राक्ष कोणते असावे आणि उतारा किती घ्यावा, हे तिने बांधून दिले. गावाचे नाव छापले की द्राक्षाची जात त्यातच आली, असे गृहीत धरले गेल्यामुळे ती वेगळी सांगण्याची गरज उरली नाही. या नियमाने मालाचे मूळ सिद्ध होते; चवीची हमी तो देत नाही.

अमेरिकेत असा वारसा नव्हता. तेथील उत्पादक आपल्या वाइनला ‘बर्गंडी’, ‘शाब्ली’ अशी उसनी नावे देत, आणि त्याऐवजी द्राक्षाची जात छापावी असा आग्रह फ्रँक स्कूनमेकर या व्यापारी-लेखकाने धरला. १९७६ च्या पॅरिसमधील चाचणीत, बाटल्यांची नावे झाकून वाइन चाखणाऱ्या फ्रेंच परीक्षकांनी रेड आणि व्हाइट या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाला पहिले स्थान दिले, तेव्हा जातीच्या नावालाही प्रतिष्ठा लाभली.

नाशिकच्या वाइन उद्योगाने हीच दुसरी प्रथा स्वीकारली, म्हणून तेथील बाटलीवर ‘शेनिन ब्लाँ’ असे ठळक छापलेले दिसते. याच द्राक्षापासून ल्वार नदीकाठी होणारी वाइन ‘वुव्हरे’ या गावाच्या नावाने विकली जाते. शिकू पाहणाऱ्याने या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखाव्यात आणि मगच त्यांची लेबले पुन्हा वाचावीत.