द्विनेत्री दूरदर्शक, शिकारीतील
दाट अरण्यात जनावर हुडकण्यासाठी वापरली जाणारी दोन डोळ्यांची दुर्बीण. हान्स लिपर्शे याने १६०८ मध्ये हॉलंडमध्ये अशी दुर्बीण तयार केली. परंतु त्या काळच्या रचनेत दृष्टिक्षेत्र अरुंद असे आणि विवर्धन वाढविल्यास ते आणखीच आकुंचन पावे. इग्नात्स्यो पोर्रो यांनी १८५४ मध्ये लोलकरचनेचे एकस्व घेतले. येना येथील त्साइस कारखान्याने एर्न्स्ट आबे यांच्या अभिकल्पानुसार १८९४ मध्ये लोलकयुक्त द्विनेत्री विक्रीस आणल्या. त्यांची वस्तुभिंगे डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर असल्याने खोलीची जाणीव वाढली. रानात हा गुण मोलाचा ठरला : दूरवर केंद्रीकरण केले की जवळची पाने पुसट होतात आणि त्यांच्या फटींतून एखादा कान, शिंगाचे टोक वा पाठीची आडवी रेषा दिसते. सबंध जनावर क्वचितच दिसते. हौशी शिकाऱ्यांना मोठ्या विवर्धनाचा मोह पडे, पण तो फसवा होय. १२ पट विवर्धनात हाताचा कंपही तितकाच वाढतो. ५० मिमी. वस्तुभिंगाची ७ पटींची द्विनेत्री सुमारे ७ मिमी. रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात पोहोचविते, म्हणून झुंजुमुंजू उजाडताना तीच उपयोगी. भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. ताडोबा, मेळघाट येथे हे साधन आता वन्यप्राणी व पक्षी यांच्या निरीक्षणासाठी वापरतात.