उच्चाराच्या वाटेने

जे साधन वापरताना सुख वाटते, ते वापरणाऱ्याचा स्वभाव ओळखून घडविलेले असते. संगणकाच्या आज्ञावलीसही मी हीच कसोटी लावतो.

देवनागरी टंकयंत्रावर ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी, मागून ‘क’ असा क्रम असे. जीभ एका वाटेने जाई, बोटे दुसऱ्या. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरविला आणि ही ओढाताण टाळण्याचा मार्ग खुला झाला. त्यात स्वर डाव्या हाताशी, बहुतेक व्यंजने उजव्या हाताशी; ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. लिहिणाऱ्याने उच्चाराच्या क्रमाने कळा दाबाव्यात, वेलांटी जागी बसविण्याचा भार यंत्राने वाहावा. कानपूरच्या आयआयटीत आकारास आलेले व पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र याच विचाराचे.

आपल्या सिल्वासात मराठी आणि गुजराती शेजारी नांदतात. या कळफलकावर दोन्ही लिप्यांतील ‘क’ची कळ एकच. शिवाय ‘ऱ’ला स्वतःचे स्थान असल्याने ‘आचार्यांना’ दिलेला मान ‘आचाऱ्यांना’ जात नाही!

थोडा सराव मात्र हवा. साधन अवघड वाटले की माणूस तक्रार करीत बसत नाही. तो रोमन अक्षरांत मराठी लिहू लागतो. लिपी अशीच निःशब्दपणे हातून सुटते. म्हणून कळफलक शिकविणे हे मराठीच्या शिक्षकाचेही कर्तव्य आहे, असे मी मानतो.