जलसा, कव्वाली आणि कॅसेट

एकोणिसावे शतक सरता सरता निजामाच्या मुलखाकडे जाणारा मीटरगेजचा मार्ग मनमाडास येऊन मिळाला, आणि नांदगाव तालुक्याच्या दप्तरातले हे गाव व्यवहारात रेल्वे कामगारांची वसाहत होऊन बसले. याच मनमाडास १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, असे प्रतिपादन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षस्थानावरून केले. इतिहासकार या भाषणाची रीतसर नोंद घेतात. परंतु ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्या उंबऱ्यापर्यंत असा विचार गाण्यावाचून पोहोचला नसता, हे त्यांच्या हिशेबात क्वचितच येते.

ते काम जलशाने केले. सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा तेवढा ठेवून त्यातला ऐवज बदलला होता. नाशिक जिल्ह्याच्याच भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसेकारांनी तो वारसा पुढे चालविला. गणातील देवस्तुतीच्या जागी नेत्याचे स्तवन आले, आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, भटजी व शिकलेला तरुण समोरासमोर उभे राहून पाणवठा, मृत जनावरांचे मांस, मुलांची शाळा अशा विषयांवर वाद घालू लागले. पदाला संवादाचा आधार होता, म्हणून ते लांबले तरी श्रोता कंटाळत नसे.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी १९४३ साली गीतरचनेस आरंभ केला तो हिंदी गाण्याच्या विडंबनाने, आणि त्यांच्या पिढीत गाणे वगापासून सुटून स्वतंत्रपणे उभे राहिले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धवंदनेचा विषय त्यात मिसळला, तर रूप कव्वालीचे आले: हार्मोनियम, ढोलक, बँजो आणि समोरासमोर बसलेल्या दोन पार्ट्यांचा रात्रभर चालणारा सवालजवाब. सिनेमाच्या चाली उसन्या घेतल्या म्हणून नाके मुरडणारे रसिक तेव्हाही होतेच. पण चाल आधीच कानात बसलेली असल्यामुळे श्रोत्यास केवळ शब्दच लक्षात ठेवावे लागत, आणि प्रचाराच्या गाण्यास याहून मोठी सवलत कोणती?

कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले. १९९०-९१ च्या आंबेडकर जन्मशताब्दी वर्षात तर अशा गीतांना उधाण आले. प्रसार वाढला खरा, तथापि युक्तिवादाची जागा जयघोषाने घेतली, असे माझे मत आहे. पुढे मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींना ध्रुपदच पुरेसे वाटू लागले. वामनदादा शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही मुद्रा गुंफीत. ते कडवे वाजेपर्यंत दुसरे गाणे लागते, आणि नाचणाऱ्या पोरांना कवीचे नाव कळतच नाही.