मोजायचं काम माळेचं

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा एक तपस्वी राहत होता. दिवसाला ३०० प्रार्थना हा त्याचा नेम. आकडा चुकू नये म्हणून तो ३०० खडे वेचून पदरात घ्यायचा आणि एक प्रार्थना झाली की एक खडा टाकायचा. एकदा त्याच्या कानावर आलं, की कुठल्याशा गावात एक कुमारिका रोज ७०० प्रार्थना करते. झालं, याचा जीव कासावीस! तो मकारियस या थोर साधूकडे गेला. मकारियसनं त्याला सांगितलं, की मी ६० वर्षं रोज शंभरच प्रार्थना म्हणतो, हातानं काम करून पोट भरतो, भेटायला येणाऱ्यांना भेटतो, आणि माझं मन मला खात नाही. ३०० म्हणूनही तुझं मन तुला खात असेल, तर खोट आकड्यात नाही, प्रार्थनेत आहे. बिशप पॅलेडियस यांनी हा प्रसंग पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवला.

कॅथलिक जपमाळेची, म्हणजे रोझरीची, वंशावळ या खड्यांपर्यंत मागे नेता येते. तिच्यातला पेचही इथेच दिसतो. नेम हवा तर मोजावं लागतं, आणि मोजायला लागलं की देवावरचा भरवसा सुटून आकड्यावर बसतो. पुढच्या हजारेक वर्षांत यावर जो तोडगा निघत गेला, तो म्हणजे आजची माळ.

युरोपातल्या मठांत प्रार्थनेचा कणा होता बायबलमधली १५० स्तोत्रं. ती लॅटिनमध्ये, आणि बरीचशी तोंडपाठ. पण मठात सगळेच शिकलेले नसत. नांगर धरणारे, गुरं राखणारे, भटारखाना सांभाळणारे निरक्षर बंधूही असत. त्यांच्यासाठी सवलत निघाली: स्तोत्र येत नसेल, तर त्याऐवजी येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या अकराव्या शतकातल्या नियमांत याची नोंद आहे. एखादा बंधू वारला की धर्मगुरूंनी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करावा. इतरांनी ५० स्तोत्रं म्हणावीत किंवा ५० वेळा प्रभूची प्रार्थना. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या नियमावलीत मेलेल्या सोबत्यासाठी आठवडाभर रोज १०० प्रार्थना सांगितल्या होत्या. तलवार चालवणाऱ्या आणि शेण काढणाऱ्या हातांना एवढा हिशोब ठेवायचा, तर काहीतरी साधन हवंच. दोरीच्या गाठी आल्या, मग दोरीत ओवलेले मणी.

हे मणी लवकरच मठाबाहेर पडले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या श्रीमंत गोडायव्हाबाईंनी आपली रत्नांची प्रार्थनामाळ मरियेच्या मूर्तीच्या गळ्यात घालण्यासाठी देऊन ठेवली, असं विल्यम ऑफ माम्सबरी हा इतिहासकार बाराव्या शतकात सांगतो. तेराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये माळा करणाऱ्या कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. हाड आणि शिंगाचे मणी करणारे एक, पोवळ्याचे आणि शंखाचे करणारे दुसरे, तृणमण्याचे करणारे तिसरे. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलशेजारच्या एका गल्लीचं नावच 'पॅटरनॉस्टर रो', म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेची गल्ली, असं पडलं. निरक्षरांची सोय म्हणून आलेली माळ अशी मिरवण्याची वस्तूही झाली, इतकी की डोमिनिकन संघाला आपल्याच बंधूंना भपकेबाज माळा वापरू नका, अशी ताकीद द्यावी लागली.

तोवर मण्यांवर म्हटली जात होती ती प्रभूची प्रार्थना. मरियेची प्रार्थना नंतर आली. 'नमो मारिया'चा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन अभिवादनांचा आहे: एक देवदूतानं मरियेला केलेलं, दुसरं तिची नातलग एलिझाबेथ हिनं. बाराव्या शतकापर्यंत ही दोन्ही जोडून म्हणायची चाल रुळली आणि १५० स्तोत्रांच्या जागी १५० नमो मारिया आल्या. पण एकच वाक्य दीडशे वेळा म्हणताना मनानं करायचं काय? याचं उत्तर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ट्रियर शहराजवळच्या कार्थुसियन मठात निघालं. तिथल्या डोमिनिक ऑफ प्रशिया या साधूनं ५० नमो मारियांना येशूच्या जीवनातल्या ५० प्रसंगांची छोटी वाक्यं जोडली. ओठांवर मरियेचं नाव, मनात येशूचं चरित्र आणि मोजणी बोटांकडे, अशी कामाची वाटणी झाली.

पण वेगवेगळी ५० वाक्यं लक्षात ठेवायची म्हणजे पुन्हा शिकलेल्याचंच काम. लोकांनी ती गाळली आणि प्रसंग तेवढे ठेवले. १४८३ मध्ये उल्म शहरात छापलेल्या एका जर्मन पुस्तकात १५ प्रसंगांची लाकडी ठशांची चित्रं आहेत. चित्र पाहायचं, दहा मणी ओढायचे, पुढच्या चित्राकडे जायचं. अक्षर यायची गरज नाही. आज ज्यांना 'रहस्यं' म्हणतात, ती या चित्रांचीच वारस.

याच सुमारास माळेला तिचा सर्वांत मोठा प्रचारक मिळाला: ब्रिटनीचा डोमिनिकन धर्मगुरू अलानुस दे रूपे. त्यानं १४७० च्या सुमारास दुए शहरात जपमाळेचं मंडळ काढलं. मरियेनं डोमिनिकन संघाचे संस्थापक संत डोमिनिक यांना दर्शन देऊन स्वतः माळ दिली, ही आजही चित्रांत दिसणारी कथा त्याच्याच प्रवचनांतून पसरली. संत डोमिनिक वारले १२२१ मध्ये, आणि त्यांच्या समकालीनांच्या लिखाणात या प्रसंगाचा मागमूस नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्बर्ट थर्स्टन या इंग्लिश जेज्वीट अभ्यासकानं जुने कागद तपासून हे सविस्तर दाखवून दिलं. म्हणजे श्रद्धेच्या घरातल्याच माणसानं ही दंतकथा उकलली.

दंतकथेपेक्षा त्या मंडळांचे नियम जास्त लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १४७५ मध्ये, आसपास लढाई पेटलेली असताना, कोलोन शहरात डोमिनिकन धर्मगुरू याकोब स्प्रेंगर यांनी असंच मंडळ स्थापलं. त्या काळच्या इतर धार्मिक मंडळांना वर्गणी लागे, गरिबाला तिथे प्रवेश नसे. इथे वर्गणी नव्हती. वहीत नाव लिहिलं की झालं. बाया, मोलकरणी, भिकारी सगळ्यांना दार उघडं, आणि सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकचं नावही त्याच वहीत. मेलेल्या नातलगाचं नावसुद्धा घालता येई. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणायच्या. राहून गेल्या तर पाप नाही. शिवाय एकाची प्रार्थना सगळ्यांच्या खात्यात जमा. तापानं पडलेल्या बाईच्या वाटचं दुसरं कुणी म्हटलेलं असे. एकट्याचा हिशोब असा संपला.

नमो मारियाचा दुसरा भाग, म्हणजे मरियेकडे केलेली विनवणी, पाचव्या पायस पोपनी १५६८ च्या अधिकृत प्रार्थनापुस्तकात पक्का केला. त्या विनवणीत दोनच वेळा येतात: आत्ताची आणि मरणाची. मधल्या सगळ्या आयुष्याचा, उद्याच्या भाकरीचा, पुढच्या वर्षीच्या पिकाचा तिथे उल्लेख नाही. रोजच्या जगण्यात देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे त्या काटछाटीतून जितकं कळतं तितकं प्रवचनातून कळत नाही. आत्ताचं बघ आणि शेवटचं बघ. मधलं तुझ्याकडे असेलच.

याच पोपच्या कारकिर्दीत माळ राजकारणातही ओढली गेली. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत उस्मानी तुर्कांचा पराभव झाला. त्याचं श्रेय जपमाळेला देण्यात आलं आणि त्या तारखेचा सण आजही रोझरीमातेच्या नावानं पाळला जातो. गोव्यात हे आधीच घडलं होतं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कनं शहर जिंकलं. ज्या टेकडीवरून त्यानं लढाई पाहिली असं सांगतात, तिथे १५४० च्या दशकात रोझरीमातेचं चर्च उभं राहिलं. जुन्या गोव्यात उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी ते एक.

पण जेत्यांबरोबर आलेली माळ रुजली ती घराघरांत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापून झालं. त्यांचं कोंकणी धर्मशिक्षणाचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरला छापलं गेलं. प्रार्थना अशा लोकांच्या भाषेत आल्या. गोव्याच्या कॅथलिक घरात दिवेलागणीला म्हणतात ती 'तेर्स'. ती संपली की घरच्यासाठी, मेलेल्यांसाठी, जहाजावर असलेल्या तारवटी मुलासाठी एकेक जास्तीची नमो मारिया, आणि मग लहानांनी मोठ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागायचा. फातिमामातेची मूर्ती, म्हणजे सायबीण, घरोघर फिरते तेव्हा शेजारपाजार जमून तेर्स म्हणतो आणि उकडलेले चणे खाऊन घरी जातो. वसईकडे सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत हीच प्रार्थना मराठीत चालते. ऑक्टोबर महिना खास तिचा.

जिथे चर्चचं दार बंद झालं, तिथे माळ आणखी लहान झाली. आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर कायद्यानं निर्बंध होते, तेव्हा दहाच मण्यांची माळ निघाली. तिच्या टोकाला एक कडी. ती अंगठ्यात घालायची आणि मणी बाहीत लपवायचे. एक दशक, म्हणजे दहा मणी, झालं की कडी पुढच्या बोटात. पाच बोटं, पाच दशकं. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर तर हळूहळू धर्मगुरूही उरले नाहीत. तरी नागासाकीजवळच्या उराकामीच्या ख्रिस्ती कुटुंबांनी अडीचशे वर्षं तोंडी प्रार्थना जपल्या आणि १८६५ मध्ये ती फ्रेंच मिशनरी फादर पेतीजाँ यांच्यासमोर उघड झाली.

आजच्या माळेत ५९ मणी असतात, आणि एका फेरीला साधारण २० मिनिटं लागतात. २००२ मध्ये दुसरे जॉन पॉल पोप यांनी आनंद, दुःख आणि गौरव या तीन गटांच्या रहस्यांत 'प्रकाशाची रहस्यं' हा चौथा गट मिळवला. त्याआधी १९७४ मध्ये सहाव्या पॉल पोपनी बजावलं होतं, की मनन नसेल तर ही प्रार्थना नुसतं धड आहे, जीव नसलेलं. घाईनं मणी ओढणाऱ्यांना नावं मात्र ठेवायला नकोत. १९१७ मध्ये ज्यांना मरियेचं दर्शन झालं असं मानतात, ती फातिमाची तीन गुराखी मुलं खेळायला वेळ मिळावा म्हणून प्रत्येक मण्याला 'नमो मारिया' एवढे दोनच शब्द म्हणून माळ उरकत. हे त्यांच्यातल्या लुसियानंच पुढे लिहिलंय.

आणि लिझ्यूच्या संत तेरेझा! चोविसाव्या वर्षी क्षयानं गेलेल्या या कार्मेल जोगिणीनं आत्मचरित्रात कबूल केलंय, की एकटीनं माळ जपणं तिला देहदंडाच्या साधनापेक्षाही जड जाई. कितीही जोर लावला तरी रहस्यांवर मन ठरत नसे. प्रार्थनेत तिला झोपही लागायची. तिनं त्याची खंत करणं सोडलं: लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला सारखंच लाडकं. साध्या भाविकांत असंही म्हणतात, की माळ म्हणता म्हणता डोळा लागला तर उरलेले मणी राखणदार देवदूत पुरे करतो. जॉन पॉल यांना माळ अतिशय प्रिय होती. त्यांनीच १९९७ मध्ये, माळेवर मन न ठरणाऱ्या या तेरेझाला ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केलं. त्यांना त्यात विसंगती वाटली नसावी. माळ मोजते ती माणसासाठी. देवाला आकडा कधी नकोच होता.