पेशंट नसलेलं हॉस्पिटल आणि हसणाऱ्या पंतप्रधान

एका जुन्या इंग्रजी मालिकेची एक क्लिप अधूनमधून आपल्या ग्रुपवर फिरत असते. मंत्री एका चकचकीत हॉस्पिटलची पाहणी करतोय. ऑपरेशन थिएटर आहे, यंत्रं आहेत, वॉर्ड आहेत, कर्मचारी आहेत. फक्त पेशंट नाही. खाली दहा-वीस हसरे चेहरे आणि ठरलेलं एक वाक्य: "हे तर आपलंच!"

आपलंच आहे का, हे जरा तपासून बघूया. त्यासाठी थोडा इतिहास लागेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मालिका 'येस मिनिस्टर', बीबीसीची. भाग 'द कम्पॅशनेट सोसायटी', म्हणजे कनवाळू समाज. २३ फेब्रुवारी १९८१ ला दाखवला गेला. जिम हॅकर हा प्रशासन खात्याचा मंत्री आणि सर हम्फ्री हे त्याचे सचिव. मालिका बहुतेक मंत्र्याच्या केबिनमध्येच घडते. टेबल, फाईल, बैठक, पुन्हा फाईल. मंत्र्याला काहीतरी करायचं असतं आणि सचिवांना काहीही होऊ द्यायचं नसतं. तेही इतक्या गोड भाषेत, की मंत्री बाहेर पडतो तेव्हा आपण हरलो हे त्याला कळलेलंही नसतं.

या भागात हॅकरला कळतं की सेंट एडवर्ड्स नावाचं नवं हॉस्पिटल सुरू होऊन वर्ष उलटलंय. तिथे पाचशेच्या वर माणसं कामाला आहेत आणि पेशंट एकही नाही. ३४२ प्रशासकीय कर्मचारी, बाकीचे सफाईवाले, स्वयंपाकी, माळी वगैरे. डॉक्टर-नर्स शून्य. सर हम्फ्रींना यात काहीच वावगं दिसत नाही. पेशंट नसले म्हणून काय झालं, प्रशासन तर चालवायला हवंच ना! उलट हे देशातलं उत्तम चालणारं हॉस्पिटल आहे, स्वच्छतेच्या पुरस्काराच्या शर्यतीत आहे, असं ते सांगतात. आता पेशंटच नसल्यावर घाण करणार कोण?

हॅकर कर्मचारी कमी करून त्या पैशात डॉक्टर आणायचं म्हणतो, तेव्हा युनियनचा पुढारी सगळीकडची हॉस्पिटलं बंद पाडायची धमकी देतो. शेवटी तोडगा निघतो. क्युबाहून आलेल्या हजार निर्वासितांना कुठे ठेवायचं हा सरकारपुढे प्रश्न असतो, त्यांना या हॉस्पिटलात ठेवतात. कर्मचाऱ्यांना काम मिळालं, युनियन खूश, मंत्री कनवाळू ठरला. पेशंट मात्र शेवटपर्यंत आला नाही.

हे बघून ब्रिटनची जनता खो खो हसली, त्याला कारण होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिकडे संपांची लाट आली होती. हॉस्पिटलचे वॉर्डबॉय, स्वयंपाकी, ड्रायव्हरसुद्धा संपावर. काही ठिकाणी कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे फाटकावरचे संपकरी ठरवत होते. पगार खरोखरच तुटपुंजे होते, हेही खरं. पण लोकांच्या लक्षात फाटक राहिलं, पगाराचा आकडा राहिला नाही. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर निवडून आल्या त्या याच रागावर. मालिकेचा पहिला भाग निवडणुकीआधीच तयार होता, पण राजकारणाचा विषय म्हणून बीबीसीने तो दाबून ठेवला आणि फेब्रुवारी १९८० मध्ये मालिका सुरू केली.

लेखक दोघं, अँटनी जे आणि जोनाथन लिन. जे उजव्या विचारांकडे झुकलेला, लिन डावीकडे. माजी मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांच्या डायऱ्या त्यांनी बारकाईने वाचल्या होत्या. शिवाय सत्तेच्या आतल्या गोटातली माणसं त्यांना गुपचूप माहिती देत होती. हॅरॉल्ड विल्सन यांच्या सचिव मार्शिया विल्यम्स आणि सल्लागार बर्नार्ड डोनह्यू ही त्यातली नावं पुढे उघड झाली. पत्रकार म्हणून सांगतो, खबरे असे हवेत!

रिकाम्या हॉस्पिटलची गोष्ट मात्र लेखकांना स्वतःलाच अतिरेकी वाटत होती. नंतर कळलं की तिकडे अशी सहा हॉस्पिटलं, किंवा हॉस्पिटलांचे मोठमोठे रिकामे भाग, खरोखरच होते. हे लेखकांनीच पुढे सांगितलं.

आता या मालिकेचे चाहते बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सामान्य प्रेक्षक होतेच. पण मंत्री बघत होते, कारण त्यांना वाटायचं, आपल्या कामात खोडा घालणाऱ्या सचिवांचं पितळ उघडं पडतंय. सचिव बघत होते, कारण त्यांना वाटायचं, मंत्री किती अडाणी असतात आणि आपण देश कसा सांभाळतो हे जगाला कळतंय. जो तो समोरच्याला हसत होता. आणि सगळ्यात मोठी चाहती १० डाउनिंग स्ट्रीटमध्ये राहत होती.

थॅचरबाई चाहत्या म्हणजे नुसत्या बघणाऱ्या नव्हत्या. २० जानेवारी १९८४ ला मेरी व्हाइटहाउस यांच्या प्रेक्षक संघटनेने मालिकेला पुरस्कार दिला. त्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी चक्क स्वतःचं छोटं प्रहसन सादर केलं. लिहिण्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव बर्नार्ड इंगहॅम यांचा हात होता. बाई पंतप्रधानांच्याच भूमिकेत, सोबत मालिकेतले पॉल एडिंग्टन आणि नायजेल हॉथॉर्न. विषय काय, तर सगळ्या अर्थतज्ज्ञांना काढून टाका! दोन्ही नटांना हे करायचं नव्हतं, पण पंतप्रधानांना नाही कोण म्हणणार. त्यानंतर लिनने, सिटकॉमच्या क्षेत्रात आपलं योग्य स्थान घेतल्याबद्दल पंतप्रधानांचे आभार मानले. सगळे हसले, बाई सोडून.

बरोबर पाच दिवसांनी, २५ जानेवारीला, त्याच सरकारने संसदेत जाहीर केलं की जीसीएचक्यू या गुप्तवार्ता केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना यापुढे युनियनमध्ये राहता येणार नाही. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण सरकारी नोकर हा विनोदाचा विषय एकदा सर्वमान्य झाला, की त्याच्यावर हात टाकणं सोपं जातं, एवढं नक्की. १९७९ मध्ये ब्रिटनच्या केंद्र सरकारी सेवेत सुमारे ७ लाख ३२ हजार माणसं होती. थॅचर पायउतार झाल्या तेव्हा हा आकडा पावणेसहा लाखांच्या आत आला होता.

बाईंनी सरकारी कारभार सुधारायला कुणाला आणलं, तेही बघण्यासारखं आहे. काटकसरीच्या कामाला 'मार्क्स अँड स्पेन्सर'चे डेरेक रेनर. आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनावर अहवाल द्यायला 'सेन्सबरीज'चे रॉय ग्रिफिथ्स. दोघंही दुकानांच्या साखळीतले. बाई स्वतः किराणा दुकानदाराची मुलगी, तेव्हा हिशोब जमला म्हणायचा! ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रिफिथ्सनी निदान केलं की हॉस्पिटलांत नेमकं जबाबदार कोण, हेच कळत नाही. उपाय सांगितला, प्रत्येक पातळीवर जनरल मॅनेजर नेमा. म्हणजे ज्या देशाने ३४२ प्रशासकांवर पोट धरून हसून घेतलं, त्याच देशाने तीन वर्षांच्या आत आरोग्यसेवेचं औषध म्हणून आणखी मॅनेजर लिहून दिले. सर हम्फ्रींना याहून जास्त काय हवं होतं?

पुढे अँटनी जे यांनी स्वतःच सांगितलं की सरकारी माणूस लोकहित वगैरे बघत नाही, स्वतःचं खातं आणि बजेट वाढवत बसतो, या जेम्स ब्युकॅनन प्रभृतींच्या अर्थशास्त्राचा प्रभाव त्यांच्यावर होता. ब्युकॅनन यांना १९८६ चं नोबेल मिळालं आणि जे १९८८ मध्ये 'सर' झाले. अ‍ॅडम कर्टिस या माहितीपटकाराने २००७ मध्ये याच धाग्यावर बोट ठेवलं. त्याच्या मते ही मालिका म्हणजे त्या विचाराचा प्रचारच. मला हे थोडं ताणलेलं वाटतं, कारण मालिकेत मंत्रीही तितकाच उघडा पडतो. पण तो भाग पुन्हा बघताना एक गोष्ट खटकतेच. ज्याला त्या हॉस्पिटलात खाट हवी होती, तो माणूस कॅमेऱ्यासमोर एकदाही येत नाही.

आपल्याकडे २००१ मध्ये हिचा हिंदी अवतार आला, 'जी मंत्रीजी'. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघंही उत्तम नट, पण आज किती जणांना ती मालिका आठवते? त्याच वर्षी आलेली 'ऑफिस ऑफिस' मात्र घराघरात आठवते. कारण तिथे पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल खिडकीच्या आपल्या बाजूला उभा होता. पेन्शनसाठी, दाखल्यासाठी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

आता "हे तर आपलंच" या वाक्याकडे येतो. नाही, हे आपलं नाही. सेंट एडवर्ड्समध्ये माणसं होती, काम नव्हतं. आपल्याकडे काम आहे, माणसं नाहीत. ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत बांधून तयार असते, फीत कापायची राहिलेली असते किंवा कापूनही झालेली असते. आत मात्र कुलूप. याचं कारण फार लोकांना माहीत नसतं. आपल्याकडे इमारत एका वाटेने येते आणि माणसं दुसऱ्या. इमारतीचा निधी मंजूर झाला की टेंडर निघतं, काम सुरू होतं आणि फलकावर नावं लागतात. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांची पदं निर्माण करायला वेगळा प्रस्ताव लागतो. तो आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे आणि उच्चस्तरीय सचिव समितीकडे जातो. तिथून पदं मंजूर झाली तर मग भरती. पगाराचा बोजा कायमचा असतो, म्हणून ही फाईल हळू चालते. इमारतीचा खर्च एकदाच होतो आणि त्याचा फोटोही निघतो.

निकष सांगतात की सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजारांमागे. कागदावर केंद्र असतं, पण तिथलं एक पद जरी रिक्त राहिलं तर रात्री बाळंतपणाला आलेली बाई जिल्ह्याच्या रस्त्याला लागते.

त्यामुळे त्या क्लिपवर हसून कुणी "सरकारी म्हणजे असंच, खाजगीकरण करून टाका" म्हणालं, की मी त्याला थांबवतो. तो निष्कर्ष सेंट एडवर्ड्सच्या भरलेल्या पगारपत्रकावरून निघालेला आहे. आपलं पगारपत्रकच अजून तयार व्हायचंय.

आपल्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात असं कुलूप कुणाला माहीत असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. बांधकाम विभागाला विचारू नका, ते "काम पूर्ण" एवढंच लिहून देतील. अर्ज आरोग्य विभागाकडे करा आणि तीनच प्रश्न विचारा. या संस्थेसाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला? तो आज कोणाकडे आहे? मंजूर पदं किती, त्यातली भरलेली किती? तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर मला पाठवा, आलं नाही तरी कळवा. दोन्ही इथे छापतो.