नळीशेजारी नळी की नळीवर नळी?

तापीच्या काठी, सुरतेपासून जवळच, कामरेज हे गाव आहे. सातव्या शतकातील चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ ह्या नावाने ज्या विभागाचा उल्लेख येतो, त्याचे मुख्य ठिकाण हेच असावे असे इतिहासज्ञ मानतात. पुढे ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक महाल झाले आणि १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत गायकवाडी अंमलाखालीच राहिले. ह्या मुलखात गायकवाडी गावे व इंग्रजी अंमलातील गावे एकमेकांत अशी मिसळलेली होती की, एका सरकारच्या बांधावरून उठलेला तित्तर दुसऱ्या सरकारच्या शेतात उतरावा! पक्ष्याला हद्द ठाऊक नव्हती. बंदूकवाल्याला मात्र ती ध्यानात ठेवणे भाग होते.

कपाशीची काळी जमीन, ज्वारीची शेते आणि निवडुंगाची कुंपणे हे तित्तर-लाव्यांचे खरे माहेर. अशा ठिकाणी पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्याने कोणती बंदूक न्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. बंदूक हाताला न बसणारी असली म्हणजे पक्षी सुटून जातो एवढेच होत नाही; पुष्कळदा तो दोन-चार छर्रे अंगात घेऊन काटेरी कुंपणात शिरतो आणि तेथे कोणाच्या हाती न लागता तडफडून मरतो. जाणत्या शिकाऱ्याला ह्या गोष्टीची लाज वाटे, आणि बंदुकीच्या निवडीचा सारा खल मुळात त्या लाजेपोटी झालेला आहे.

बंदूक येण्यापूर्वी हे काम फासेपारधी करीत. तित्तर कोणत्या वाटेने पळेल हे हेरून तेथे फासे मांडावयाचे, ही त्यांची विद्या. जमातीचे नावच तीवरून पडले. तित्तर हा आधी पळतो आणि अगदी नाइलाज झाला म्हणजेच उडतो, हे मर्म त्यांनी ओळखले होते. बंदूकवाल्याची अडचणही हीच. तित्तर पंधरा-वीस पावलांवरून एकदम फडफडाट करीत उठतो, तर लावा अक्षरशः पायाखालून. माळावरची पखुर्डी सकाळी पाण्यावर येते, ती उंचावरून आणि विलक्षण वेगाने. तीन पक्षी, तीन तऱ्हेची उड्डाणे. आणि बंदूक मात्र बहुधा एकच.

दोन नळ्यांची कल्पना जुनी आहे. नळीवर नळी ठेवलेल्या बंदुका युरोपात सतराव्या शतकातही होत्या. एक बार झाला की नळ्यांची जोडी हाताने फिरवून दुसरी वर आणावयाची. परंतु चकमकीच्या व पुढे टोपीच्या काळात प्रत्येक नळीला बाहेरून घोडा लागे. दोन घोडे दोन बाजूंना बसविणे सोपे, एकाखाली एक बसविणे अवघड. म्हणून शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी रूढ झाली. लफोशे ह्या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरण्याची बंदूक १८५१ च्या लंडन प्रदर्शनात इंग्रजांनी पाहिली आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस भरले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन व डीली ह्यांनी घोडे आत दडविले. त्याच सुमारास नळीचा गळा तोंडाशी किंचित आवळण्याची युक्ती, म्हणजे ‘चोक’, प्रचारात आली. साध्या नळीतून चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात शेकडा चाळीस छर्रे पडतात. पुरा चोक असेल तर सत्तर. पहिल्या बाराला पक्षी जवळ असतो, दुसऱ्याला लांब गेलेला असतो. म्हणून एक नळी मोकळी, दुसरी आवळलेली; दुनळीचे सारे तर्कशास्त्र एवढ्यात आहे.

साहेबाने हिंदुस्थानात आणली ती हीच बारा बोअरची शेजारनळी. (एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर प्रत्येकीचा जो व्यास येतो, तो ह्या नळीचा.) घोडे आत गेल्यावर नळीवर नळी ठेवण्यातील मुख्य अडचण खरे तर संपली होती; पण सवय लवकर मोडत नाही. लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ मध्ये आणि वुडवर्डने १९१३ मध्ये तशा सुंदर बंदुका केल्या. त्यांच्या किमती राजेरजवाड्यांनाच पेलणाऱ्या होत्या. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग ह्याने ती सामान्य शिकाऱ्याच्या आटोक्यात आणावयाचे मनावर घेतले. १९२६ साली बेल्जममधील लीएज येथे, कारखान्यात काम करीत असतानाच त्याला मृत्यू आला. मुलाने काम पुढे नेले आणि १९३१ मध्ये ती बंदूक बाजारात आली.

तिचे गुण उघड आहेत. डोळ्यापुढे एकच अरुंद नळी दिसते, त्यामुळे नेम साधतो. खालची नळी आधी उडविली तर धक्का सरळ खांद्यात येतो, तोंड फारसे उसळत नाही आणि दुसरा बार लवकर होतो. उलट तिचे वजन साधारणतः साडेतीन किलोपर्यंत जाते, हलकी शेजारनळी तीन किलोंत भागते. आणि खालच्या नळीत काडतूस घालण्यासाठी ती फार वाकवावी लागते. पाण्याकाठी बसून पखुर्डीची वाट पाहणाऱ्याला वजनाचे काय? पण दिवसभर बांध तुडवणाऱ्याला ते सायंकाळी चांगलेच जाणवते. शिवाय जुन्या शेजारनळीला दोन चाप असतात. पक्षी जवळ की दूर हे पाहून बोट आपोआप योग्य चापावर जाते. कामरेजसारख्या कुंपणांच्या मुलखात तिचेच पारडे जड ठरते. मात्र दस्ता खांद्याला बेताचा नसेल तर नळ्यांची मांडणी कोणतीही असो, फुकट! आजोबांच्या वेळची वेलबुट्टीदार पोलादी नळी तर त्याहून घातक: तिच्यात आधुनिक दारूचे काडतूस घातले तर ती फुटून हात जाण्याचा धोका.

हा वाद निकालात निघण्यापूर्वीच त्याचे कारण संपले. १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि अखेर १९९१ ची दुरुस्ती ह्यांनी हौशी शिकारीच्या परवान्याची वाटच बंद केली. उकाईचे धरणही १९७२ चेच. कालव्याच्या पाण्याने ह्या भागात ऊस वाढला. नळीवरनळी मात्र मातीच्या तबकड्यांच्या मैदानात स्थिरावली. बिकानेरचे महाराजा करणी सिंह ह्यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड ह्यांनी एकदम सुटणाऱ्या दोन तबकड्या दोन बारांत फोडण्याच्या प्रकारात ऑलिंपिकचे रौप्यपदक आणले. त्या खेळात दुसरा बार किती लवकर होतो ह्यावरच सारे अवलंबून असते, आणि तेथे शेजारनळी आता क्वचितच दिसते.