कोडची शिस्त कोणी ठरवायची?

चंडीगडमध्ये सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या निवासी भागांपैकी सेक्टर २२ हा एक. १९५० च्या दशकात जेन ड्रू, मॅक्सवेल फ्राय आणि पिएर जानरे यांनी इथल्या इमारती आखल्या. शहरातल्या छोट्या खासगी भूखंडांना ‘फ्रेम कंट्रोल’ लागू झाले: घराची दर्शनी चौकट आणि उंची ठरलेली, आतल्या खोल्यांची मांडणी मालकाच्या मर्जीची. कोडिंग स्टाइलचा इतिहास शिकवताना मी याच नियमापासून सुरुवात करतो, कारण नियम कुठे थांबतो हे इथे डोळ्यांना दिसते.

संगणकात असे नियम प्रथम यंत्राने लादले. १९५७ च्या फोरट्रानमध्ये ८० रकान्यांच्या पंचकार्डावर विधान ७ ते ७२ या रकान्यांतच बसवावे लागे. कार्डे गेली, सवय उरली. पायथनच्या २००१ मधील ‘पेप-८’ या नियमावलीत ओळीची मर्यादा ७९ अक्षरे आहे. मात्र ती नियमावली पायथनचे जनक ग्वीडो व्हान रॉसम आणि त्यांचे सहकारी बॅरी वॉर्सा यांनी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनीच, लिहिली. नियमामुळे कोड वाचायला अवघड होत असेल तर तो बाजूला ठेवावा, असेही तीच सांगते. व्यवस्थापकांच्या परिपत्रकात असे वाक्य सहसा सापडत नाही!

व्यवस्थापकाची अडचण वेगळी असते. कोडचा दर्जा त्याला चटकन दिसत नाही, ओळी मात्र मोजता येतात. १९८२ च्या सुरुवातीस ॲपलमध्ये ‘लिसा’ संगणकाचे काम चालू होते. प्रत्येकाने दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरावे, असा फतवा निघाला. बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच क्विकड्रॉमधला एक महत्त्वाचा भाग नव्याने लिहिला होता. तो जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला आणि सुमारे २,००० ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर भरले: उणे २,०००. सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड सांगतात की काही आठवड्यांनी ॲटकिन्सन यांच्याकडे फॉर्म मागणेच बंद झाले.

ओळी मोजणे आणि कंसाची जागा ठरवणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे खरे. पण ओळींवर गुण मिळू लागले की एका ओळीचे काम चार ओळींत पसरते, आणि मोजमापच शैली ठरवू लागते.

२००९ मध्ये गूगलने ‘गो’ भाषा जाहीर केली. तिच्यासोबतचे ‘गो-एफएमटी’ हे साधन सगळा कोड एकाच मांडणीत बसवते, शैलीचे पर्याय देतच नाही. टॅब की स्पेस, हा माझ्या वर्गात दरवर्षी पेटणारा वाद तिथे उरत नाही. व्हेरिएबलला नाव काय द्यावे, फंक्शन कुठे तोडावे, यात मात्र ते हात घालत नाही.